पाड्यावरचं आठवं नाव

म्हाताऱ्या माणसांची ताकद मोजायला मी पालघरला गेले, तेव्हा माझं स्वतःचं वय चौसष्ट होतं आणि जिना दिसला की उजवा गुडघा कुरकुरायचा. मिरजेत मी आयुष्यभर फिजिओथेरपी शिकवली. माझी जुनी विद्यार्थिनी मृणाल हल्ली पालघरात राहून एक अभ्यास करते आहे. एकाच तालुक्यात शेजारी शेजारी राहणारे वेगवेगळे समाज, त्यांतल्या म्हाताऱ्यांना शरीर कुठवर साथ देतं, कोण किती चालतं, कोणाच्या हातात किती पकड उरते, हे ती लिहून काढते. तिची मदतनीस बाळंतपणाला गेली होती. "बाई, जानेवारीत आठवडाभर या ना. हवा छान असते," ती फोनवर म्हणाली. मी गेले.

आमचं सामान फार नव्हतं. पकड मोजायचं एक यंत्र, ज्याची मूठ दाबली की काटा सरकतो. चार मीटर अंतर आखायला दोरी. हात नसलेलं एक प्लॅस्टिकचं स्टूल, ज्यावरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आणि फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न: आधाराशिवाय जमिनीवरून उठता येतं का? पहिल्याच संध्याकाळी मृणालच्या घरी मी स्वतः तो प्रयोग करून पाहिला. अर्ध्यावर फरशीवर हात टेकावाच लागला. मृणालने तोंड वळवून हसू लपवलं.

मृणाल पालघरात बसून कागद सांभाळणार होती. गावोगाव हिंडायला माझ्याबरोबर रंजना होती. ती उमरोळीची, चाळिशीतली आरोग्यसेविका, बोलायला मोकळी, चालायला माझ्या दुप्पट वेगाची.

केळवे

पहिले दोन दिवस केळवे आणि शेजारच्या माहीममध्ये गेले. शनिवार-रविवारी मुंबईकरांनी गजबजणारा किनारा मधल्या वारी रिकामा असतो. आमचं काम मात्र किनाऱ्यापासून आत, वाड्यांमध्ये होतं. नारळ, सुपारी आणि त्यांच्या सावलीत पानवेली. भर दुपारी बाराला तिथे संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. वाडीतून जाणारी पाऊलवाट अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक घराच्या ओटीवर एकेक पांढरं डोकं. कुणी झोपाळ्यावर, कुणी आरामखुर्चीत. आम्ही जवळून गेलो तरी मान वळत नसे, फक्त डोळे आमच्याबरोबर सरकत. घरात दुसऱ्या कोणाची चाहूल नाही. मुलं मुंबईत, नाहीतर परदेशात. ते डोळे पाठीवर घेऊन चालणं मला जड गेलं.

भास्करकाका आणि मालतीकाकी हे वाडवळ समाजातलं जोडपं ऐंशीच्या पुढचं. वाडी त्यांची, पण गेली कित्येक वर्षं ते ओटीच्या खाली उतरलेले नव्हते. घरभर भिंतींना स्टीलच्या कड्या बसवलेल्या. काकी एका कडीवरून दुसऱ्या कडीवर हात टाकत स्वयंपाकघरात गेल्या आणि आमच्यासाठी उकडहंडी घेऊन आल्या. कोनफळ, रताळं, वालाच्या शेंगा, सगळं एकत्र वाफवलेलं. मिरजेत असलं काही मी खाल्लं नव्हतं. दोनदा मागून घेतलं.

"जमिनीवरून उठता येतं का?" मी विचारलं.

काकी हसल्या. "अवो, जमिनीवर बसूनच किती वर्सं झाली. खाली काय पडलं तर ते खालीच ऱ्हातं."

आमच्याकडेही असंच. मिरजेत गल्लीगणिक एखादी खाट पुढच्या खोलीत, खिडकीपाशी असते आणि तिच्यावरून कोणीतरी रस्ता बघत असतं. माझी आई शेवटची दीड वर्षं तशीच होती. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात दिसतं, आल्यागेल्याला भेटतं. मला वाटे, सगळीकडे असंच असणार.

बोईसर

तिसऱ्या दिवशी बोईसरला कामगारांच्या चाळीत गेलो. तारापूरच्या कारखान्यांकडून येणारा एक आंबूस वास तिथे हवेतच असतो. थोड्या वेळाने तो येईनासा होतो, म्हणजे नाकाला सवय होते. मृणालने दिलेल्या यादीत साठीपुढची बरीच नावं होती. पण दारं ठोठावली तर आतून तरुण पोरंच बाहेर येत. एकेका खोलीत तीन पाळ्यांची माणसं, एक उठला की त्याच खाटेवर दुसरा आडवा.

शेवटी एक म्हातारा सापडला. रामधनी, उत्तर प्रदेशातून विशीत आलेला, आता एका गोदामावर पहारेकरी. वय एकसष्ट सांगत होता, दिसत होता पंचाहत्तरचा. यंत्राची मूठ त्याला दाबता येईना. बोटं अर्धी मिटायची आणि तिथेच थरथरायची. काटा हललाच नाही.

"मैडम, ये कागज़ में मेरा हाथ ख़राब लिखोगे तो नौकरी जाएगी क्या?" त्याने हळूच विचारलं.

नाव कुणाला कळणार नाही, हे मी त्याला पटवून दिलं. मग विचारलं, "बाकी के बुज़ुर्ग लोग कहाँ हैं? यादी में तो बहुत नाम हैं."

"गाँव गए," तो म्हणाला. "यहाँ बूढ़ा नहीं रहता मैडम. जिसका हाथ गया, वो गाँव गया."

त्याने हात पुन्हा खिशात घातला आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर काढला नाही. परतताना रिक्षात मला एकच गोष्ट डाचत होती. आम्ही जे मोजत होतो, ते फक्त उरलेल्यांचं होतं.

वरचा पाडा

चौथ्या दिवशी डोंगरात गेलो. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जीप रस्ता संपेपर्यंत जाते, पुढे थोडी चढण. वारली कुटुंबांची पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, कौलं. पावसावर पिकतं तेवढं पिकवून दिवाळीनंतर तरणी माणसं लेकराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. तेव्हा जानेवारीत तिथे गेलेल्या माणसाला पाडा कसा दिसेल, याचा मी विचारच केला नव्हता.

आवाज नव्हता. बहुतेक दारं दोरीने बाहेरून बांधलेली. एक कोंबडी आमच्यापुढून गेली, तिच्या पायांखाली वाळलेली पानं वाजली, ती मला ऐकू आली. रंजनाकडे या पाड्याचं काम महिन्यापूर्वीच आलं होतं, तिलाही नीट माहिती नव्हती. "कुनी हाय का?" तिने हाक मारली.  मी पाण्याची बाटली काढायला वाकले, आणि मान वर केली तर समोर सात म्हातारी माणसं उभी होती. अनवाणी. ती कुठून, कधी आली, मला कळलं नाही.

त्यांचा पुढारी म्हणावा असा जान्याबाबा. वय विचारलं तर म्हणाला, "तारापूरचा वीजघर बांधीत व्हते, तवा मी लगनाचा व्हतो." आम्ही हिशेब करून अंदाज लिहिला. स्टूल मांडलं. त्यावर बसायची त्यांना सवय नव्हती, कडेला टेकून ती घाईने उठत, जणू स्टूल उडून जाईल. पण काय उठत! पाच वेळा उठणं-बसणं, चार मीटर चालणं, केळव्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसांना याच्या निम्म्या वेगानेही जमलं नव्हतं. आणि जमिनीवरून तर साती जणं हात न टेकता उठली. एकदम, सरळ, धूर वर जावा तशी.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या वर्षांच्या सवयीने मनात वेगळंच येत होतं. सातात एकही गुडघा सुजलेला नाही? एकही काठी नाही? कुठल्याच घरात खाट नाही?

"ज्यांना चालता येत नाही, ते कुठे असतात?" मी विचारलं.

सातांपैकी सहांनी जान्याबाबाकडे पाहिलं. मग जान्याबाबा म्हणाला, "असा कुनी नाय."

रंजना यादीवर खुणा करत होती. "मॅडम, आठ नावं हायेत. लखी नावाची बाई ऱ्हायली."

"लखी पोरासंगं भट्टीवर गेली," जान्याबाबा लगेच म्हणाला. मागच्या सहाही माना एकदम हलल्या.

नागलीची भाकर आणि भाजलेले सुके बोंबील खाल्ल्यावर मी हात धुवायला शेवटच्या घरामागे गेले. तिथे मला ते ऐकू आलं. खरर. मग थांबणं. पुन्हा खरर. जड पोतं कोणी जमिनीवरून ओढावं तसं. आवाज समोरच्या घरातून येत होता, आणि त्या घराचं दार बाहेरून दोरीने बांधलेलं होतं. दाराबाहेर पाण्याने भरलेला एक बसका टोप ठेवला होता. दार आणि उंबरा यांच्यामधल्या चार-पाच बोटं उंच फटीतून एक हात बाहेर आला. नुसता हात. त्याने जमीन चाचपली, टोपाची कड पकडली आणि टोप न सांडता आत ओढून घेतला.

 मागे वळले तर सातही जणं माझ्या पाठीशी उभी होती.

आठवी

"कुत्री शिरतात म्हनून बांधतो," जान्याबाबा म्हणाला आणि त्याने दोरी सोडली.

आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा आधी दिसली ती जमीन. सारवलेल्या जमिनीवर एक चकचकीत पट्टा उमटला होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. अंथरुणापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. पावलाचा ठसा मात्र कुठेच नव्हता. दारापाशी पाय पसरून एक बारकी बाई बसली होती.

"सकालधरनं तुझा आवाज आयकते," ती मला म्हणाली. "सगल्यांचा मोजलास. माझा ऱ्हायला."

ही लखी. पावसात अंगणात घसरून पडली होती, पाच-सहा महिन्यांपूर्वी. मुलगा आणि सून तिच्या जेवणाखाणाचं शेजाऱ्यांवर सोपवून भट्टीवर गेली होती, कारण तिथे तिला ठेवायला जागा नव्हती. मी पाय पाहिला. डावा आखूड झालेला, बाहेरच्या बाजूला वळलेला. खुब्याचं हाड मोडलं होतं, यात शंका नव्हती. दाबलं तर दुखत नव्हतं. आपोआप जुळलेलं असावं, वाकडं.

यंत्र तिच्या हातात दिलं. तिने मूठ आवळली, आणि काटा त्या आठवड्यात कुणाच्याही हाताने गेला नव्हता तिथवर गेला. केळव्याच्या, बोईसरच्या, तिच्याच पाड्यावरच्या पुरुषांच्याही पुढे. रंजनाने यंत्र बिघडलंय का म्हणून स्वतः दाबून पाहिलं.

"हातांवर चालते मी," लखी म्हणाली.

बाहेर येऊन मी जान्याबाबावर चिडले. जिवंत बाईला कोंडून ठेवता, खोटं सांगता, असं काय काय बोलले.  मग तो मला थोडं लांब नेऊन, मागे थांबलेल्या म्हाताऱ्यांकडे बोट करत म्हणाला, "पानी ती सोमी भरते. भाकर मी देतो. आंघोल त्या दोघी घालतात. कोंडली नाय तिला. तुझी गाडी आली म्हनून लपिवली."

"गाडीचं काय?"

"गाडीत नेली ती आली नाय."

"कोण?"

त्याने लखीच्या घराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. 

रंजना अडली होती ती फॉर्मपाशी. "हे नाय लिवलं मॅडम, तर कागदावर सगला पाडा ठणठणीत. मग वर कोन कशाला येल?" आणि लिहिलं तर लखीला न्यायला कोणीतरी येणार, हे सातांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. लिहायचं की नाही हे ठरवणारी मी कोण, असं मला पहिल्यांदाच वाटलं. आम्ही लखीलाच विचारलं. एक्स-रे म्हणजे काय, ते सांगितलं. ती बराच वेळ हाताचा तळवा जमिनीवर घासत राहिली.

"लिव," ती म्हणाली. "मी येते. पन सूर्य बुडायच्या आत मला हितं आन."

मी कबूल केलं.

पालघरला जाऊन येणं

दुसऱ्या दिवशी सकाळी लखीला चादरीच्या झोळीत निजवून, झोळी बांबूला बांधून खाली आणलं. बांबू खांद्यावर घेणारे दोघे सत्तरीपुढचे. मी रिकाम्या हातांनी चालत होते तरी मला धाप लागत होती. घरातून निघताना दोघी म्हाताऱ्यांनी झोळीच्या डाव्या बाजूला एक लुगडं आडवं धरलं, पडद्यासारखं. उन्हासाठी असेल, असं मला वाटलं. पण ऊन उजवीकडून येत होतं. पाड्याची शेवटची घरं मागे पडल्यावर त्यांनी ते घडी करून काखेत मारलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. हाड वाकडं पण पक्कं जुळलं होतं, वजन सोसणार होतं. ऑपरेशन करून सरळ करता आलं असतं. लखीने ते नको म्हटलं, आणि त्यानेही तिच्या वयाकडे बघून आग्रह धरला नाही. आधार घेऊन उभं करा, म्हणाला. आम्ही चार पायांचा वॉकर विकत घेतला. जीपमध्ये बसून लखीने चहात खारी बुडवून खाल्ली आणि वॉकरच्या नळ्या एकेक करून चाचपल्या, बाजारात बकरी चाचपतात तशा.

परतीला उशीर झाला. उमरोळीच्या रेल्वे फाटकापाशी बराच वेळ अडकलो आणि मी सारखी सूर्याकडे बघत राहिले. डोंगराचा रस्ता लागला तेव्हा तो झाडांच्या शेंड्यांवर आला होता. पहिल्या वळणावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बसलेली दिसली. उकिडवी, हलत नव्हती. जीप जवळ गेली तशी ती हात न टेकता उठली आणि मागून चालू लागली. पुढच्या वळणावर दुसरा. मग तिसरी. दर वळणावर एकेक जण सकाळपासून येऊन बसला होता.  मी मागच्या काचेतून पाहिलं, तर धुरळ्यात साही जणं एका ओळीत येत होती. जान्याबाबा आमच्याबरोबरच जीपमध्ये होता. तो मागे न बघताच म्हणाला, "आले ना सगले?"

शेवटची सकाळ

सूर्य बुडायच्या आत लखीला घरी पोचवलं, पाड्यात शिरताना लुगडं पुन्हा आडवं धरलं गेलं. त्यानंतरच्या सकाळी मी तिला उभं केलं. कमरेला पट्टा बांधला, वॉकर पुढे ठेवला, रंजना मागे. "हातांवर जोर दे," मी म्हणाले. जोराची तिच्याकडे कमी नव्हती. ती वर आली. आखूड पायाची टाच अधांतरी राहिली, चवडा टेकला. पाच-सहा महिन्यांनी ती तिच्या पूर्ण उंचीवर आली होती.

कुडाची भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हवेसाठी मोकळी जागा होती. बसल्यावर तिथून फक्त आभाळ दिसतं. उभी राहिली तशी तिची नजर त्या फटीतून बाहेर गेली, डावीकडे, आणि तिथेच थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. शेजारी एक घर होतं, म्हणजे घराचा चौथरा होता. कौलं उतरवलेली, कूड काढलेला. नुसते चार खांब.

"सोनीचा घर," ती म्हणाली.

साती जणं दारात उभी होती.

"जान्या. सोनी भट्टीवर हाय बोललास."

"नाय," जान्याबाबा म्हणाला. "दिवालीनंतर ताप आला. गाडीत घालून नेली. आली नाय."

मग मला उलगडलं. पडल्यापासून लखीच्या उशापायथ्याशी सोनीच बसायची. दोघी एका गावातून लग्न होऊन आलेल्या, अंगणाला अंगण लावून जन्म काढलेल्या. सोनी गेल्यावर या सातांनी ठरवून लखीला सांगितलं की ती पोरांकडे भट्टीवर गेली. सोनीचं घर उतरवतानाचे आवाज आले, तेव्हा कौलं बदलताहेत म्हणाले. लखी रोज विचारायची, सोनी आली का? रोज कोणीतरी सांगायचं, पावसाआधी येईल. ते लुगडं उन्हासाठी नव्हतंच.

"इतके दीस खोटा बोललास," लखी म्हणाली.

"व्हय."

"का?"

"तू खायाचा सोडला असतास."

 तिचे हात वॉकरवर इतके आवळले होते की नळ्या वाकतील असं वाटलं. मी तिला खाली बसवायला हात पुढे केला. तिने मान हलवली.

"मला तिथं ने."

पहिल्या दिवशी दोन पावलांच्या पुढे जाऊ नये, असं मी सगळ्या विद्यार्थ्यांना शिकवलं. ते मी तिला सांगितलंही. तिने वॉकर उचलला आणि उंबऱ्यापलीकडे ठेवला. तेवढं अंगण ओलांडायला आम्हाला किती वेळ लागला, ते मी पाहिलं नाही. दर पावलाला ती थांबे, श्वास घेई, पुन्हा वॉकर पुढे. मागे सात जणं, तितकीच सावकाश, तितकीच बिनआवाजाची. चौथऱ्यापाशी पोचल्यावर तिने मला पाठीशी धरायला लावलं आणि खाली बसली. तळवा त्या सारवलेल्या जागेवर ठेवला.

"तुमी जा आता," ती आम्हाला म्हणाली. "आमाला बोलायचा हाय."

मी मिरजेला परतले त्याला आता तीन महिने झाले. फॉर्ममध्ये लखीचं नाव आहे, आणि त्यामुळे महिन्यातून एकदा तरुण डॉक्टर आणि रंजना पाड्यावर जातात. त्यांनी शेजारच्या पाड्यांवरही दारं उघडायला लावली, आणखी तिघं सापडली. लखीचं दार आता बांधत नाहीत. परवा रंजनाचा फोन आला, तेव्हा मी विचारलं, लखी चालते का?

"चालते ना मॅडम. एकटी जाते. पन रोज तिथंच. सोनीच्या चौथऱ्यावर."

"तिथे बसून काय करते?"

"बोलते." रंजना म्हणाली. "आनि मधी गप्प पन ऱ्हाते. समोरून कुनी सांगतंय नि ही आयकतेय, तशी मान हलवते. मी हाक मारली तर मला हातानं थांब बोलली. पुरं आयकून झाल्यावरच माझ्याकडं बघितलं."